वाकलेली डायमंड प्लेट, सहा पटाश्या आणि परतीचा अर्ज : माझा अनुभव

डायमंड प्लेटवर पटाशीला धार लावणे हे एका दुपारचे काम आहे, असे सगळे जाणकार सांगतात आणि ते खरेही आहे. माझे ते काम सात आठवडे चालले. त्यातले पहिले तीन आठवडे मी स्वतःच्या हाताला दोष देत राहिले आणि पुढचे चार एका परतीच्या अर्जामागे गेले. दोष सुरुवातीपासून प्लेटचा होता, हे आठवले की मला अजूनही राग येतो. नवीन प्लेट घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी काय तपासावे, हे कोणीतरी मला आधी सांगायला हवे होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे सहा मिलिमीटरपासून पंचवीस मिलिमीटरपर्यंतच्या सहा पटाश्या आणि दोन इंची पात्याचा एक लोखंडी रंधा आहे. काम बहुतेक सागवानात असते. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे धार फार लवकर बोथट होते आणि दिवसातून दोनदा तरी दगडाकडे जावे लागते. आधी मी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा कार्बोरंडमचा दगड तेल घालून वापरत असे. त्याला दोन वर्षांत मध्यभागी चांगला खळगा पडला. डायमंड प्लेटला खळगा पडत नाही, हे तिचे मोठे आकर्षण असते आणि त्यासाठीच मी ऑनलाइन अठराशे रुपयांना एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला १००० क्रमांक असलेली (आकडा मोठा तितके कण बारीक) आठ इंची प्लेट मागवली.

ही वस्तू नेमकी काय असते ते इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच समजतो. आपण दगड म्हणत असलो तरी ती पोलादाची पट्टी असते आणि तिच्यावर कारखान्यात तयार केलेल्या हिरकण्यांचा एकच थर निकेलच्या मुलाम्याने पक्का बसवलेला असतो. थर एकच असल्यामुळे ती झिजून वाकडी होत नाही. पण त्याच कारणामुळे, ती मुळात वाकडी असेल तर घरी घासून सरळही करता येत नाही. साधा दगड काचेवर कार्बोरंडमची पूड टाकून पुन्हा सपाट करता येतो. प्लेटवर तो प्रयोग केला तर सुटे कण हिरकण्यांना धरून ठेवणारे निकेलच खाऊन टाकतात. घेतली तशी ती आयुष्यभर राहते.

पटाशीची उतरती बाजू, म्हणजे धारेकडे तिरकी कापलेली बाजू, घासण्यात मला काहीच अडचण आली नाही. पाते ठरावीक कोनात धरून ठेवणारे, चाकाचे, बाजूने आवळायचे साधे धार-गाइड माझ्याकडे होते. त्यात पटाशी चाळीस मिलिमीटर बाहेर काढून आवळली की पंचवीस अंशांचा कोन मिळतो, तीस मिलिमीटर बाहेर काढली की तीस अंशांचा. रंध्याचे पाते गाइडमध्ये वरच्या खाचेत बसते, म्हणून त्याची मापे वेगळी आहेत : पन्नास मिलिमीटरला पंचवीस अंश आणि अडतीसला तीस. ही मापे लाकडाच्या एका फळीवर ठोकळे चिकटवून कायमची करून ठेवावीत, दर वेळी पट्टी शोधावी लागत नाही.

अडले ते पाठीपाशी. पटाशीची धार दोन पृष्ठांच्या भेटीतून तयार होते, एक उतरते आणि एक सपाट. सपाट पाठ धारेपर्यंत गुळगुळीत झाली नाही, तर उतरती बाजू कितीही चकाकली तरी धार खरबरीतच राहते. मी पंचवीस मिलिमीटरची पटाशी घेतली, पाठीवर काळ्या मार्करने रेघा ओढल्या, प्लेटवर साबणाचा थेंब टाकलेले पाणी शिंपडले आणि पटाशी प्लेटच्या लांबीला समांतर धरून ४०० च्या बाजूवर घासली. शाई गेली, एकसारखे ओरखडे आले. प्लेट उलटून १००० वर गेले, तेव्हा पाठीचा मधला भाग चमकू लागला, पण धारेलगतची जवळजवळ अर्ध्या इंचाची पट्टी मंदच राहिली. तिच्यावरची मार्करची शाईसुद्धा हलली नव्हती. दोन दिवस घासून ती पट्टी तीन मिलिमीटरवर आली आणि तिथेच थांबली. पुन्हा ४०० वर गेले की पाठ एकसारखी खरबरीत होई, १००० वर आले की पुन्हा तीच अर्ध्या इंचाची मंद पट्टी समोर येई.

मी जोर लावला. जोर लावणे ही डायमंड प्लेटवर करता येण्याजोगी सर्वांत वाईट चूक आहे, कारण हिरकणी पोलादापेक्षा कितीतरी कठीण असली तरी तिला धरणारे निकेल तसे नसते आणि दाबाने कणच उपटून निघतात. हाताच्या वजनाइतका भार पुरतो. घासताना सुरुवातीला येणारा करकर आवाज मऊ झाला की पृष्ठभाग मळीने भरला आहे असे समजावे. शाळेतला साधा खोडरबर ओल्या प्लेटवर घासला की ती काळी मळी पूर्ण निघून येते. तेल वापरू नये, त्याने मळी चिकटून बसते.

तिसऱ्या दिवशी विक्रेत्याला विचारले. उत्तर तत्परतेने आले : नवीन प्लेटवर काही हिरकण्या इतरांपेक्षा वर आलेल्या असतात, त्यांचे ओरखडे खोल जातात, दोन-तीन आठवडे वापरा, प्लेट बसेल. हे विधान खोटे नाही. नवी प्लेट सुरुवातीला तिच्या क्रमांकापेक्षा भरडच वागते आणि काही पाती घासल्यावर शांत होते. पण माझी तक्रार ओरखडे खोल असल्याची नव्हती, धारेजवळ प्लेट पोहोचतच नसल्याची होती आणि ती मी छायाचित्रासह लिहिली होती. मी विश्वास ठेवला आणि वापरत राहिले. परतीची मुदत सात दिवसांची होती, ती या सल्ल्यातच संपली.

या काळात एक गोष्ट मला चकवत राहिली. सहा मिलिमीटरची पटाशी एकाच दुपारी उत्तम तयार झाली होती. ती अरुंद असल्यामुळे लवकर झाली, असे मी धरून चालले. खरे कारण हे होते की तेवढी एकच पटाशी मी प्लेटवर आडवी धरून घासली होती.

तेविसाव्या दिवशी आमच्या गल्लीत फर्निचरच्या कामावर येणाऱ्या सुतारकाकांना पटाशी दाखवली. त्यांनी ती उजेडात एकदा फिरवली आणि म्हणाले, “ताई, पटाशी राहू द्या, आधी दगड बघा.” त्यांनी पिशवीतून काटकोन्या काढला, त्याच्या पोलादी पात्याची कड प्लेटच्या ४०० च्या बाजूवर उभी टेकवली आणि प्लेट खिडकीसमोर डोळ्यांच्या पातळीला धरली. दोन्ही टोकांना कड टेकलेली होती आणि मधोमध उजेडाची एक बारीक, लांब फट होती. प्लेट उलटली. १००० च्या बाजूवर कड मध्यभागी टेकून सी-सॉसारखी डुलत होती. दुचाकीच्या व्हॉल्व्हसाठी आणलेले फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पोलादी पानांचा संच, घरात होते, त्याचे ०.२० मिलिमीटरचे पान ४०० च्या बाजूला मधल्या फटीतून अलगद आरपार गेले.

मग सगळे उलगडले. पट्टीच वाकलेली होती, त्यामुळे एक बाजू खोलगट आणि दुसरी फुगीर झाली होती. खोलगट ४०० वर घासलेली पाठ किंचित फुगीर व्हायची आणि ती फुगीर पाठ मग फुगीर १००० वर टेकायची. दोन फुगवटे एकमेकांना फक्त मध्यभागी भेटणार, धारेपर्यंत कधीच नाही. आठ इंचांत ०.२० मिलिमीटरचा बाक म्हणजे पटाशीच्या पन्नास मिलिमीटर लांबीत सुमारे बारा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि दोन्ही बाजूंचे मिळून पंचवीस. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण बारीक प्लेटने तेवढे पोलाद उतरवायला दिवस लागतात. प्लेटची रुंदी कमी असल्यामुळे त्या दिशेने बाक जाणवत नाही, म्हणूनच आडवी धरलेली पटाशी निर्दोष निघाली होती.

परतीच्या अर्जात कारणांची यादी होती : तुटलेली वस्तू, चुकीची वस्तू, वस्तू नको आहे. “वाकडी” हे कारण त्यात नव्हते आणि यादीबाहेरचे कारण लिहायला जागा नव्हती. “तुटलेली” निवडले तर अर्ज नाकारला गेला, कारण छायाचित्रात प्लेट अखंड दिसत होती. ग्राहक सेवेतील चार वेगवेगळ्या व्यक्तींना मी चार वेळा सगळे पहिल्यापासून सांगितले. एकाने सांगितले की वापरलेली वस्तू परत घेता येत नाही. दुसऱ्याने सांगितले की इतर ग्राहकांची काहीच तक्रार नाही. हे दुसरे उत्तर मला फार लागले, कारण ते बहुधा खरे होते. स्वयंपाकघरातल्या सुरीला एवढा बाक मुळीच जाणवत नाही. सुरी धरणाऱ्या हाताचा कोन त्याहून अधिक हलतो. पण त्या जाहिरातीत पटाशीचे आणि रंध्याच्या पात्याचे चित्र होते आणि “पूर्णतः सपाट” हे शब्दही होते.

शेवटी मी ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० वाचले. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. प्रत्येक संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रसिद्ध करावा लागतो, त्या अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. मी ग्राहक सेवेचा नाद सोडला आणि थेट त्या अधिकाऱ्याला लिहिले. सोबत तीन छायाचित्रे जोडली : काटकोन्यामागे टॉर्च ठेवून घेतलेली उजेडाची फट, फटीत घातलेले फीलर गेजचे पान त्यावरचा आकडा दिसेल असे, आणि जाहिरातीतले “पूर्णतः सपाट” हे शब्द. विक्रेत्याचा तिसऱ्या दिवशीचा सल्लाही तारखेसह जोडला. हे साधले नसते तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जायची माझी तयारी होती, पण त्याची गरज पडली नाही. अकराव्या दिवशी पूर्ण पैसे परत आले. ज्यांची तक्रार डोळ्यांना सहज दिसणारी नाही, त्यांनी ती मोजता येईल अशा स्वरूपात मांडावी. माझ्या बाबतीत शब्दांनी जे महिनाभरात झाले नाही ते ०.२० या आकड्याने केले.

दुसरी प्लेट मी पुण्यात बोहरी आळीत जाऊन, काटकोन्या पिशवीत घालून आणली. दुकानदाराने तीन प्लेटा काढून ठेवल्या, मी तिन्हींवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर कड टेकवून पाहिली आणि जिच्यावर कुठेही उजेड दिसला नाही ती घेतली. या वेळी जाड पट्टीवर बसवलेली एकाच बाजूची प्लेट घेतली, कारण पातळ दुहेरी प्लेट वाकण्याचा धोका अधिक असतो. क्रमांकाऐवजी कणांचा आकार किती मायक्रॉन ते विचारावे, कारण क्रमांक प्रत्येकाचे वेगळे असतात. अमेरिकन तक्त्यांत साधारणपणे ३२५ म्हणजे ४५ मायक्रॉन, ६०० म्हणजे २५ आणि १२०० म्हणजे ९ धरतात. माझे काम २५ आणि ९ या दोन प्लेटांवर भागते, त्यानंतर लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेल्या चामड्यावर हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची कांडी घासून त्यावर पटाशीला शेवटचा हात मारते.

नव्या प्लेटवर पंचवीस मिलिमीटरच्या पटाशीची पाठ पहिल्यांदा टेकवली, तेव्हा मार्करची शाई धारेच्या अगदी कडेपासून आधी गेली. जुन्या खोलगट बाजूने ती कड उतरवून ठेवली असेल तर शाई तिथे आधी जायला नको होती, म्हणून मी गोंधळले. पुन्हा रेघा ओढून पाहिले तेव्हा खरा प्रकार दिसला : शाई मध्यभागी आधी जात होती आणि पहिल्या वेळी मी नकळत दांडा उचलला होता. पाठ घासताना दांडा केसभरही उचलू नये, दोन बोटे पात्यावर धारेजवळ ठेवावीत. पाऊण तासात चमक धारेला भिडली. मग उतरती बाजू तीस अंशांवर पाच-सहा वेळा ओढली आणि पाठीवर बोट धारेकडे सरकवले, तेव्हा काठावर उलटलेल्या धातूची बारीक लव संपूर्ण रुंदीभर बोटाला लागली. ही लव, जिला कारखान्यात “बर” म्हणतात, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लागली तरच पुढच्या प्लेटवर जावे. सुरीलाही हाच नियम आहे, फक्त तिथे प्रत्येक बाजूला पंधरा ते वीस अंश धरतात. विळीच्या पात्याची धार आतल्या बाकावर असेल तर सपाट प्लेट तिथे टेकणार नाही, त्यासाठी गोल डायमंड कांडी घ्यावी.

काम झाले की प्लेट वाहत्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण कोरडी करून ठेवावी, मुलामा असला तरी खाली पोलाद आहे.

त्या संध्याकाळी सागाच्या फळीच्या टोकावर, जिथे लाकडाचे तंतू आडवे कापावे लागतात, तिथे हाताच्या दाबाने पटाशी चालवली. कागदासारखी अखंड साल निघाली आणि कापलेला भाग मेण लावल्यासारखा दिसला. जुन्या प्लेटने बिघडवलेल्या पाच पटाश्यांपैकी तीन आतापर्यंत सरळ झाल्या आहेत. बारा आणि अठरा मिलिमीटरच्या दोन अजून राहिल्या आहेत, त्या या रविवारी घेणार आहे.