पहिल्या निबंधाला ५२ मार्क

इंग्लंडमधल्या लीड्सला शिकायला आले त्या नोव्हेंबरात पहिला निबंध तपासून मिळाला. २५०० शब्द, विषय रोजगार हमी योजना. आजीकडून १९७२ च्या दुष्काळातल्या खडी फोडण्याच्या गोष्टी ऐकत मी वाढले, त्यामुळे विषय घरचाच वाटला होता. मार्क पडले ५२. इथे मास्टर्सला ५० ला पास आणि ७० ला डिस्टिंक्शन.

शेरा एवढाच: माहिती भरपूर आहे, पण तुमचं म्हणणं काय?

मी आधी दुष्काळ, मग राज्याचा १९७७ चा कायदा, मग केंद्राचा २००५ चा, असं ओळीने लिहीत गेले होते. आपल्याकडे विद्यापीठाच्या पेपरात मला त्यावरच मार्क मिळायचे. इथे आपली भूमिका पहिल्याच परिच्छेदात सांगायची आणि पुढच्या प्रत्येक परिच्छेदाने तिच्यासाठी राबायचं. योजनेने बायकांना मजुरी दिली, पण कोणतं काम काढायचं हे ठरवण्यात त्यांना फारसा वाव दिला नाही, हे माझं म्हणणं मला निबंध परत आल्यावर सापडलं.

संदर्भांचं मात्र नीट समजून घ्या. शब्द बदलले की झालं, असं मला वाटायचं. तसं नाही. विचार दुसऱ्याचा असेल, तर शब्द तुमचे असले तरी त्याच वाक्यात कंसात लेखकाचं आडनाव आणि वर्ष द्यायचं. नाहीतर ती उचलेगिरीच धरतात. टर्निटिन, म्हणजे निबंध इतर मजकुराशी ताडून बघणारं सॉफ्टवेअर, फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. टक्के कमी आले म्हणून निर्धास्त होऊ नका. मी आता लेख वाचून मिटते आणि वहीत मराठीत टिपण काढते, शेजारी पान नंबर. मराठीतून पुन्हा इंग्रजीत लिहिताना मूळ लेखकाची वाक्यं आपोआप गळून पडतात. वेळ लागतो, पण आपल्याला मुद्दा खरंच कळलाय का, हे तिथेच उघड होतं.

भाषेचं थोडक्यात: ‘डोन्ट’ नको, ‘डू नॉट’ लिहा. एका गावाच्या पाहणीवरून काही ‘सिद्ध’ होत नाही, फार तर ‘सूचित’ होतं.

आणि सप्टेंबरात येणाऱ्यांनो, आराखडा एका पानावर उतरवून ऑफिस अवर्सला जा. ती वेळ विद्यार्थ्यांसाठीच राखलेली असते. बाईंना उगाच त्रास नको, म्हणून मी निबंध देण्याआधी एकदाही गेले नाही.