रेसमधून उतरलेला घोडा घेताना

घोडा घ्यायचा म्हटल्यावर घरच्यांनी सारंगखेड्याची यात्रा सुचवली. दत्तजयंतीला तिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो खरा, पण तो मुख्यतः मारवाडी, काठेवाडी जनावरांचा. मला उड्यांच्या सरावासाठी थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचा घोडा, हवा होता, आणि त्यासाठी पुणं सोडून नंदुरबार गाठण्यात अर्थ नव्हता. एप्रिलमध्ये मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा हंगाम आटोपतो आणि पुण्याच्या रेस पावसाळ्यात लागतात. मधल्या महिन्यांत न जिंकणाऱ्या घोड्याचा खुराक मालकाला जड जातो. तेव्हाच ओळखीच्या नालबंदाला सांगून ठेवलं. कुठला घोडा विकला जाणार, हे त्याला मालकाच्याही आधी कळतं.

विकणारा प्रत्येक जण सुरुवात खानदानापासून करतो. बाप कोण, आजा कोण, कुठली ट्रॉफी मारली. पैदास करणाऱ्याला ते लागतं. मला नुसतं खोगीर टाकून बसायचं होतं. तसंही जगातल्या सगळ्या थरोब्रेडांचा बापाकडचा वंश तीनच घोड्यांपाशी जाऊन पोचतो. म्हणजे खानदानी सगळेच.

पहिला पाहिला तो कुम्मैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा; देखणा, किंमतही माफक. जनावरांच्या डॉक्टरांना सोबत नेलं होतं. त्यांनी पुढचा डावा पाय उचलून गुडघ्याखालची मागची शीर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली आणि हळूहळू खाली उतरले. मध्यावर चिमूट थांबली. मीही हात लावून पाहिला: तेवढाच भाग जाडसर, किंचित कोमट. मालक म्हणाले, "माशी चावली असेल." मग सिमेंटवर दुडकी चालवायला लावली. तो पाय टेकला की घोडा मान वर उचलायचा. दुखऱ्या पायावरचा भार चुकवायची ती खूण. तिथून निघालो.

शेवटी जमलं ते वाघोलीकडच्या एका तबेल्यात. सहा वर्षांचा, खच्ची केलेला. भारतात थरोब्रेडचं वय १ जानेवारीला वाढतं, त्यामुळे कागदावरचं वय आणि खरं वय यांत काही महिन्यांचा फरक धरायचाच. घोड्याच्या पासपोर्टावर नोंदलेले पांढरे पट्टे आणि केसांचे भोवरे घोड्याशी ताडून पाहिले, मानेतली चिप वाचून घेतली. बाजारात भोवऱ्यावरून घोडा शुभ की अशुभ ठरतो. इथे तोच भोवरा ओळखपत्राचं काम करतो.

तिथल्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याने, मात्र कुठल्याही कागदात नसलेलं सांगितलं. "ताई, हा उभ्याने बसू देत नाही, चालता चालता वर चढायचं. आणि लगाम ओढू नका. ओढला की पळायचं, एवढंच शिकलाय तो."

रक्त दोन गोष्टींसाठी तपासलं. एक, वेदनाशामक देऊन लंगडणं झाकलंय का. दुसरं, ग्लँडर्स. हा रोग माणसालाही होतो, आणि तो निघालेलं जनावर कायद्याने मारावं लागतं. रिपोर्ट हातात येईपर्यंत इसार दिला नाही. मालकांना ते आवडलं नाही, पण थांबले.

किमतीत ते फारसे उतरले नाहीत. वर रेसचं खोगीर देत होते. ते इतकं चिमुकलं की माझ्या काही कामाचं नव्हतं. त्याऐवजी मी चालू खुराकातले ओट्स मागून घेतले. खाणं एकदम बदललं की घोड्याला पोटशूळ उठतो. दोन पोती मिळाली. टेम्पोभाडं माझ्याकडे.