कामांची यादी आणि कामांचा नकाशा

ठाण्यात नौपाड्याला आमचे इमारत दुरुस्तीचे छोटे कार्यालय आहे. स्ट्रक्चरल ऑडिट, गळती, प्लास्टर, बाहेरचा रंग अशी पस्तीस-चाळीस कामे एका वेळी चालू असतात आणि ती मुंब्र्यापासून कासारवडवलीपर्यंत व खाडीपलीकडे ऐरोली-वाशीपर्यंत पसरलेली असतात. त्यांची एक्सेलमधली यादी मी अनेक वर्षे सांभाळली. सोसायटी, कंत्राटदार, बिले, तारखा असे सगळे तीत होते. मात्र कोणते काम कोणत्या कामाच्या शेजारी आहे, हे तीतून कधीच कळले नाही.

गेल्या मे महिन्यात हीच यादी मी क्यूजीआयएस या विनामूल्य, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये नकाशावर उतरवली. मानपाडा आणि पातलीपाडा यांच्या दरम्यान पाच ठिपके एकमेकांना खेटून उभे राहिले. त्या पाच कामांवर आमचे तीन वेगवेगळे सुपरवायझर जात होते, आणि एका इमारतीची परांची उतरली की तिचे पाइप टेम्पोने कळव्याच्या गोदामात परत येत व दोन दिवसांनी त्याच रस्त्याने शेजारच्या इमारतीकडे जात. तिथल्या घोडबंदर रस्त्याच्या वाहतूक कोंडीत ज्याने टेम्पोत बसून सकाळ काढली आहे, त्याला या फेऱ्यांचे मोल वेगळे सांगायला नको. आता त्या पट्ट्याला एकच सुपरवायझर आहे आणि पाइप इमारतीवरून थेट इमारतीवर जातात.

ठिपका जागेवर बसवणे हे मात्र चिकाटीचे काम आहे. ‘मंदिराच्या मागे, टाकीसमोर’ असा पत्ता संगणकाला उलगडत नाही, म्हणून सुपरवायझरने सोसायटीच्या फाटकाशी उभे राहून फोनवरून अक्षांश-रेखांश पाठवायचे, असा नियम आम्ही केला. दशांश चिन्हानंतर पाच अंक असले तर ठिकाण साधारण एका मीटरपर्यंत नेमके मिळते. दोनच अंक ठेवले तर चूक किलोमीटरच्या घरात जाऊ शकते. एकदा वर्तकनगरचे एक काम नकाशावरून नाहीसेच झाले. शोधले तेव्हा ते नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडले! ठाणे १९.२ अक्षांश आणि ७२.९७ रेखांशावर आहे. फोन अक्षांश आधी देतो, सॉफ्टवेअर रेखांश आधी मागते, आणि भरताना रकाने उलटे झाले होते. तेव्हापासून नवी नोंद झाली की आधी संपूर्ण नकाशा दूरवरून पाहायचा, हे मी कटाक्षाने पाळतो.

रंगांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीला मी काम किती टक्के झाले त्यानुसार रंग दिले होते. ऐंशी टक्के झालेले एक काम हिरवेगार दिसत होते आणि प्रत्यक्षात सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या मंजुरीअभावी महिनाभर ठप्प होते. टक्केवारीपेक्षा काम कोणासाठी अडले आहे, हेच रंगाने सांगावे, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून सोसायटीच्या निर्णयासाठी अडलेले लाल, सामानासाठी किंवा कंत्राटदारासाठी अडलेले निळे आणि सुरळीत चालू असलेले राखाडी. शिवाय दहा दिवसांत ज्या साइटवर कोणी गेलेले नाही तिचा ठिपका फिका होतो, कारण जुनी आणि ताजी माहिती नकाशावर एरवी सारख्याच ठसठशीतपणे दिसते आणि पाहणारा फसतो.

अंतराच्या बाबतीतही सावध राहावे लागते. कोपरी आणि ऐरोली नकाशावर जवळजवळ दिसतात, परंतु मध्ये खाडी आहे आणि माणसाला कळव्याच्या किंवा ऐरोलीच्या पुलावरूनच जावे लागते. त्यामुळे सुपरवायझरांना कामे वाटताना मी सरळ रेषेतले अंतर धरत नाही; खाडीच्या अलीकडचा एक गट आणि पलीकडचा दुसरा गट असे वेगळे लेयर, म्हणजे नकाशावर स्वतंत्रपणे दाखवता येणारे थर, केले आहेत.

पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करायच्या गच्च्यांचा एक स्वतंत्र लेयर आहे. काल संध्याकाळी त्यात वाघबीळच्या दोन गच्च्या लाल आणि फिक्या दिसल्या, म्हणजे सोसायटीचा निर्णय बाकी आणि दहा दिवसांत आमचे कोणी तिकडे फिरकलेलेही नाही. उद्या सकाळी दोन्हीकडे मी स्वतः जाणार आहे.