विहिरीपुरती जमीन आणि जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी

शेजाऱ्याच्या बांधापलीकडे पाणी लागतं, तुमच्या शेतात लागत नाही. शेजारी कोपऱ्यातले चार गुंठे द्यायला तयार आहे, भाव ठरलाय, पैसेही तयार आहेत. मग खरेदीखत करून मोकळं व्हावं, असं वाटेल. पण महाराष्ट्रात आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. त्याला भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं प्रमाणपत्र आणि विहीर खोदण्याची परवानगी जोडायची. जमीन जास्तीत जास्त ५०० चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठ्यांना जरा कमीच. मंजुरीचा आदेश खरेदीखतासोबत लावायचा. मंजुरी वर्षभरच टिकते. मुदतवाढ मिळते, पण तीही फार तर दोन वर्षं. खरेदी झाली की सातबाऱ्यावर शेरा पडतो, की ही जमीन विहिरीच्या वापरापुरतीच मर्यादित.

आणि ही म्हणे सवलत! मार्च २०२४च्या नियमांनी दिलेली. शेतरस्त्यासाठी तुकडा हवा असेल तर प्रस्तावित रस्त्याचा कच्चा नकाशा आणि त्याचे भू-सहनिर्देशांक, म्हणजे नकाशावरची नेमकी जागा दाखवणारे आकडे, द्यायचे. घरकुलाच्या लाभार्थ्याला फार तर १००० चौरस फूट. दोन शेजाऱ्यांनी ओट्यावर बसून मिटवायची गोष्ट, तिच्यात जिल्ह्याचा सर्वोच्च अधिकारी येऊन बसलाय.

याचं मूळ १९४७च्या तुकडेबंदी कायद्यात आहे. त्यामागचा हेतू वाईट नव्हता. वाटण्या होत होत शेताच्या चिंध्या होतात, बैल वळवायला जागा उरत नाही, हे खरंच होतं. म्हणून सरकारने प्रत्येक भागासाठी 'प्रमाणभूत क्षेत्र' ठरवायचं, त्याहून लहान जमीन म्हणजे 'तुकडा', आधीपासूनचा तुकडा विकायचा तर फक्त लगतच्या खातेदाराला, आणि मोठ्या शेतातून नवा तुकडा पाडून विकायला बंदी. कायद्याविरुद्ध केलेला व्यवहार निरर्थक.

आता ही 'फक्त लगतच्या खातेदाराला' अट बाजारात काय करते ते बघा. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे हवेत म्हणून आठ गुंठे काढायला निघालेल्या माणसापुढे गिऱ्हाईक दोन-तीनच, आणि त्यांनाही ठाऊक असतं की हा दुसरीकडे जाऊ शकत नाही. भाव कोण ठरवणार? लहान शेतकऱ्याच्या नावाने केलेल्या कायद्याने लहान शेतकऱ्याचाच हात पिरगळला. मोठ्या खातेदाराला या कायद्याची झळ कधी लागत नाही, कारण त्याच्याकडे तुकडा नसतोच.

भावांच्या वाटणीतही तेच. वारसांची नावं सातबाऱ्यावर लागतात, पण सरस-निरस, म्हणजे जमिनीचा कस पाहून प्रत्यक्ष वाटप करताना तुकडा पडत असेल तर वाटप करता येत नाही. ज्याच्या वाट्याला तुकडा येईल त्याला पैशांत मोबदला द्यायचा. जमीन कुणी घ्यायची यावर एकमत नसेल तर चिठ्ठ्या टाकायच्या. वडिलोपार्जित जमिनीचा निकाल चिठ्ठीवर, आणि हे कायद्याच्या पुस्तकात!

बरं, प्रमाणभूत क्षेत्र ही काही मातीतून उगवलेली संख्या नाही. ऑगस्ट २०२३च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे ठरले. आदल्या दिवशीपर्यंत तुकडा असलेली कितीतरी शेतं दुसऱ्या दिवशी तुकडा राहिली नाहीत. जमीन तीच, पाणी तेच, राबणारा माणूस तोच. बदलला तो राजपत्रातला आकडा. दहा गुंठ्यांत एक पॉलीहाऊस उभं राहतं. आठ गुंठ्यांत मोगरा घेऊन कुणी घर चालवत असेल. किती जमीन किफायतशीर हे पीक, पाणी आणि बाजारपेठ यावर ठरतं, आणि त्याचा हिशेब मालकाइतका कुणालाच जमत नाही.

बंदी घातली म्हणून व्यवहार थांबले का? शहरांच्या कडेला दहा-पंधरा जणांनी मिळून सामाईक खरेदी केली. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं, पण कुणाचा हिस्सा कुठला याची मोजणी नाही. मग बँक कर्जाला नाही म्हणते आणि एकाने विकायचं ठरवलं की बाकीच्यांच्या सह्यांसाठी फिरावं लागतं. काहींनी नुसत्या नोटरीवर किंवा कुलमुखत्यारपत्रावर पैसे दिले. मूळ मालक वारला की मुखत्यारपत्राचा आधारच जातो आणि वारस हात वर करतात. या घोटाळ्यांचा बराचसा भाग बंदीनेच जन्माला घातलेला आहे.

१२ जुलै २०२१ला नोंदणी महानिरीक्षकांचं परिपत्रक निघालं, की प्रमाणभूत क्षेत्राहून लहान जमिनीच्या खरेदीचे दस्त मंजुरीशिवाय नोंदवूच नयेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ला ते रद्द केलं. कायदा एक पाऊल टाकतो, परिपत्रक त्याच्यापुढे दोन पावलं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते नियमितीकरण. २०१७च्या दुरुस्तीने १५ नोव्हेंबर १९६५ ते ७ सप्टेंबर २०१७ या काळातले व्यवहार पैसे भरून नियमित करायची सोय झाली. जवळपास बावन्न वर्षं जो कायदा लोक मोडत आले, त्याचा दोष लोकांत शोधायचा की कायद्यात? त्यासाठी भरायची रक्कम, म्हणजे अधिमूल्य, होतं रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत. जमिनीची किंमत १० लाख असेल तर अडीच लाख. लोक फिरकले नाहीत, तेव्हा २०२४ मध्ये ते ५ टक्के, म्हणजे ५०,००० झालं. २०२५च्या अध्यादेशाने अकृषिक वापराच्या भागांत तेही माफ. ज्याने प्रामाणिकपणे आधीच अडीच लाख भरले तो मूर्ख ठरला. ज्याने कायदा पाळून जमीन विकलीच नाही, तो त्याहून मोठा मूर्ख. पाळणाऱ्याला शिक्षा आणि थांबून राहणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या कायद्याचा धाक कुणाला वाटणार?

सरकारने यातून सरळ बाजूला व्हावं, असं मी म्हणत नाही. मोजणी, नकाशा, फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) हे सरकारचंच काम, आणि ते नीट झालं तर मोठा उपकार होईल. जानेवारी २०२३ची सलोखा योजना बघा. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी स्थिती बारा वर्षं असेल आणि दोघं राजी असतील, तर १००० रुपये मुद्रांक आणि १००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल. ठरवायचं शेतकऱ्यांनी, सरकारने फक्त लिहून घ्यायचं. शेतजमिनीच्या साध्या खरेदीलाही एवढंच का पुरू नये?

तोवर जमीन बघायला जाल तेव्हा सातबाऱ्यावर मालकाचं नाव वाचून थांबू नका. 'इतर हक्क' रकाना वाचा, तिथे तुकड्याचा शेरा आहे का ते बघा, आणि तो कुठल्या फेरफाराने पडला त्याची नक्कल तलाठ्याकडून काढून मगच इसार द्या.