हिशेब कोण मागणार?

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: ज्याला जोडीदार नाही, मूलबाळ नाही, त्याने पैशांचे व्यवहार पाहण्यासाठी मुखत्यारपत्र कोणाच्या नावे करावे? पुतण्याच्या, भाचीच्या, की शेजारच्या भरवशाच्या माणसाच्या? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते नाव ठरवण्याआधी त्या माणसाकडे हिशेब कोण मागणार, हे ठरवले पाहिजे.

1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 213 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याने मागणी केली की मुखत्याराला हिशेब द्यावाच लागतो. पण मागणी करायला कोणीतरी हवे. भरल्या घरात ‘आत्याची एफडी मुदतीआधी का मोडली?’ असे कोणी ना कोणी विचारतेच. एकट्या माणसाच्या बाबतीत विचारणारा तो स्वतःच असतो, आणि अर्धांगवायूने तो अंथरुणाला खिळला किंवा त्याला विसरभोळेपणाने ग्रासले, की तोही उरत नाही. निवृत्तिवेतनधारकाला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे माणूस जिवंत आहे की नाही याची चौकशी वर्षातून एकदा होते. त्याचे पैसे त्याच्यावरच खर्च होतात का, याची होत नाही.

याहून गंभीर बाब अशी की, त्याच कायद्याच्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. ज्या दिवसासाठी लोक हा कागद करून ठेवतात, नेमक्या त्याच दिवशी तो कायद्याने निरुपयोगी होतो. मात्र बँकेला कोणी कळवत नाही, म्हणून व्यवहार पूर्वीसारखेच चालू राहतात आणि गैरव्यवहाराला सर्वाधिक वाव याच काळात मिळतो. खरे तर तेव्हा पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जायला हवे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. त्याच्या जागी आलेल्या 2017 च्या कायद्यात ती नाही; त्यातील नामनिर्देशित प्रतिनिधीचा अधिकार उपचारांपुरताच आहे. म्हणून आता उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2020 मध्ये कोमात गेलेल्या एका गृहस्थाच्या पत्नीला त्यांची पालक नेमले, तेव्हा तिच्या कामावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी विधी सेवा प्राधिकरणाकडे दिली. सख्ख्या पत्नीवरही देखरेख, हे काहींना खटकेल. मला ते योग्य वाटते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा याच विचाराने केलेला आहे. त्यात जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च सादर करायचा असतो. त्याने मालमत्तेचा अपहार केला, तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला हटवण्याची मागणी समितीकडे करू शकतात. मागे राहणाऱ्या मुलाची चिंता असलेल्या आईवडिलांनी एखाद्या चुलतभावाच्या तोंडी आश्वासनावर विसंबण्यापेक्षा ही नेमणूक आपल्या हयातीत करून घ्यावी. कुटुंबात यामुळे रुसवेफुगवे होतात, ते सोसावेत.

ज्यांची बुद्धी शाबूत आहे, त्यांनी सर्वाधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र टाळून ठरावीक कामांपुरतेच मुखत्यारपत्र करावे. घर विकण्याचा, बक्षीस देण्याचा आणि नामांकन बदलण्याचा अधिकार त्यात देऊ नये. महिन्याच्या खर्चाचे खाते वेगळे ठेवावे, मुदत ठेवींची रक्कम आपल्याच खात्यात जमा होईल असे स्पष्ट लिहावे, आणि दर तीन महिन्यांनी खातेउतारा मुखत्याराखेरीज दुसऱ्या एका व्यक्तीला दाखवण्याचे बंधन घालावे. ही दुसरी व्यक्ती शक्यतो मुखत्याराची नातलग नसावी. जुनी मैत्रीण, सनदी लेखापाल किंवा सोसायटीतील एखादे निवृत्त गृहस्थ चालतील. तिला पैसे काढता येऊ नयेत, फक्त पाहता यावेत.

संशय आला तर मुखत्यारपत्र रद्द केल्याचे बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी, कारण रद्द झाल्याचे समजेपर्यंत त्रयस्थाने सद्भावनेने केलेला व्यवहार कायदा सहसा ग्राह्य धरतो. अपहार झालाच असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो. मात्र तक्रारीला पुरावा लागतो, आणि ज्यांनी तिमाही उतारे कोणाला तरी दाखवून ठेवले आहेत त्यांच्याकडेच तो सहज सापडतो.