लाल तांदळाची झोप

पेज करायची तर तांदूळ लालच हवा, याबाबतीत मी हट्टी आहे. बासमतीची पेज एकदा करून बघा, तिला अंगच नसतं. लाल तांदूळ चोळून धुतला की पाणी तांबूस होतं. गिरणीत जरा जास्त पॉलिश झाला असेल तर दाणा पांढरा पडतो, पण त्याच्या खाचेत बारीक लाल रेघ उरतेच. सिंधुदुर्गातला वालय घ्या, नाहीतर गोव्यात खपणारा मूळचा केरळचा ज्योती, रेघ दोघांनाही. ही लाली दाण्याच्या सालीतली, म्हणजे पुढे कोंड्यात जाणारी.

आता दुसरी गोष्ट, जिचा रंगाशी काही संबंध नसावा असं कुणालाही वाटेल. कोकणात दसरा-दिवाळीच्या सुमारास भात पिवळं होतं आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस घात करतो. भात आडवं पडतं, लोंब्या चिखलात लोळतात आणि चार दिवसांनी जाऊन पाहावं तर लोंबीतल्या दाण्यालाच कोंब! असं भात भरडलं की तांदूळ कमी आणि कणीच जास्त. शेतकऱ्याची अपेक्षा तशी चमत्कारिकच: जूनमध्ये तरव्यातला प्रत्येक दाणा एका दमात उगवला पाहिजे आणि ऑक्टोबरात, तेवढंच पाणी मिळूनही, एकानेसुद्धा डोळा उघडता कामा नये. निसर्गाने त्यासाठी दाण्याला झोप दिलेली असते. नुकता पिकलेला दाणा काही आठवडे ओल मिळाली तरी उठत नाही. काही जातींची झोप गाढ, काहींची सावध.

गंमत अशी की लाली आणि झोप ही दोन्ही खाती एकाच जनुकाकडे आहेत. भाताच्या सातव्या गुणसूत्रावरच्या या जनुकाला ‘आरसी’ म्हणतात. तो स्वतः रंगही बनवत नाही आणि झोपही आणत नाही. तो मुकादम आहे, इतर जनुकांना कामाला लावणारा. दाणा कोवळा असतानाच त्याची एक हाक रंगद्रव्य करणाऱ्या टोळीला जाते, की साल लाल होते. दुसरी हाक ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक बनवणाऱ्यांना जाते, की बी झोपतं. हे २०११ साली तणभातावरच्या संशोधनातून पुढे आलं. तणभात म्हणजे शेतात न पेरता उगवणारं, दाणे गाळणारं लाल भात. त्याचे दाणे जमिनीत वर्षानुवर्षं दबा धरून राहतात, म्हणून ते हटता हटत नाही. त्याच प्रयोगांत दिसलं की हा मुकादम दाण्याचं वजनही थोडं वाढवतो. म्हणजे तिसरं खातं!

मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडली. सालीतल्या रंगामुळेच दाणा झोपत असेल, अशी शंका येणं साहजिक आहे. पण साल काढून टाकली तरी झोप पुरती मोडत नाही. उष्णता दिली की मात्र मोडते. बियाण्याला उन्हं दाखवणारी आपली जुनी माणसं काही वेडी नव्हती.

मग पांढरा तांदूळ आला कुठून? याच जनुकाच्या डीएनएतली चौदा अक्षरं गळाली, मुकादमाची वाचा गेली आणि साल रंगायची थांबली. हजारो वर्षांपूर्वी कुणाला तरी तो पांढरा दाणा आवडला, त्याने तो राखला, पेरला, शेजाऱ्याला दिला. जगभरच्या ज्या पांढऱ्या जाती तपासल्या, त्यांतल्या जवळजवळ ९८ टक्के जातींत तीच चौदा अक्षरं गायब आहेत. निवड रंगासाठी झाली, पण त्याबरोबर झोपही उणावली. लगेच उगवणारं बी तेव्हा सोयीचंच वाटलं असणार. अर्थात झोपेवर हुकूम चालवणारे जनुक आणखीही आहेत, त्यामुळे पांढरं भात उठसूट उगवतंच असं नाही आणि प्रत्येक लाल भात कुंभकर्ण असतं असंही नाही.

असली दुहेरी कारभाराची जनुकं वाटाण्यातही आहेत. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६च्या निबंधातच नोंदवलंय की ज्या वाटाण्याची साल करडी-तपकिरी, त्याची फुलंही जांभळी आणि पानांच्या बेचक्यात लालसर छटा. तिन्ही गोष्टी एकत्रच पुढच्या पिढीत जातात. पण ते सगळं रंगाचंच झालं. रंग आणि झोप ही जोडी मला जास्त अजब वाटते.

हल्ली लाल तांदळाला बरे दिवस आलेत. शहरातल्या दुकानांत त्याची पाकिटं मिळतात, दुप्पट भावाने, आणि मागे फायद्यांची ही लांबलचक यादी: फायबर, लोह, अँटिऑक्सिडंट. झोपेचं मात्र कुणी छापत नाही. तेही बरंच आहे म्हणा. छापलं, तर ऑफिसला जाणारी माणसं दुपारी डुलकी लागेल या भीतीने डब्यात पुन्हा बासमतीच नेतील.