बेस गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प घरी बांधताना: आधी ट्रान्सफॉर्मर, मग बाकीचं

पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पसाठी मी पाया म्हणून फेंडर बेसमन ५एफ६-ए चं सर्किट घेतलं. १९५० च्या दशकाच्या अखेरचं हे सर्किट नावाला बेसचं, पण ते डोक्यावर घेतलं गिटारवाल्यांनी. मार्शलचा जेटीएम४५ त्यावरच बेतलेला आहे. त्यामुळे मिळणारे बरेच आराखडे गिटारच्या हिशेबाने बदललेले असतात. ते जसेच्या तसे बांधले तर अ‍ॅम्प वाजतो, पण खालची ई तार पोकळ किंवा गढूळ येते. मग लोक ट्यूब बदलत बसतात. ट्यूबचा त्यात फारसा दोष नसतो.

खरा प्रश्न आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे पॉवर ट्यूबचा सिग्नल स्पीकरला जुळवून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा. बेसच्या ई तारेची फ्रिक्वेन्सी ४१ हर्ट्झ, गिटारच्या ई तारेची ८२. तेवढाच व्होल्टेज अर्ध्या फ्रिक्वेन्सीला दिला की त्याच्या लोखंडी गाभ्यातला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) दुप्पट होतो आणि गाभा सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही. पाच तारांच्या बेसची बी तर ३१ हर्ट्झवर आहे. म्हणून ५० वॅटला मी गिटारच्या १०० वॅटला लावतात तेवढ्या गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर घेतला: प्लेट ते प्लेट (दोन पॉवर ट्यूबच्या आउटपुट टोकांमध्ये) ५६०० ओहम, दुय्यम बाजूला ८ ओहम, प्राथमिक इंडक्टन्स किमान ३० हेन्री. जोडण्याआधी गुणोत्तर तपासावं. ५६०० भागिले ८ म्हणजे ७००, त्याचं वर्गमूळ साधारण २६.५. पूर्ण प्राथमिक वाइंडिंगला ट्यूब तापवणाऱ्या हीटरचे ६.३ व्होल्ट एसी दिले की दुसऱ्या बाजूला सुमारे ०.२४ व्होल्ट दिसायला हवेत.

पॉवर ट्रान्सफॉर्मर ३२५-०-३२५ व्होल्ट, २५० मिलिअँपिअर. दोन ६एल६जीसी (पॉवर ट्यूब) आणि तीन १२एएक्स७ (आधीच्या स्टेजच्या छोट्या ट्यूब) मिळून हीटरला २.७ अँपिअर लागतात. वाइंडिंग ४ अँपिअरचं घ्यावं. रेक्टिफायरला (एसीचं डीसी करणाऱ्या भागाला) ट्यूबऐवजी १एन४००७ डायोड लावले, प्रत्येक बाजूला दोन सिरीजमध्ये, कारण उलटा व्होल्टेज ९२० च्या आसपास जातो आणि एकट्या डायोडची मर्यादा १००० आहे. ट्यूब रेक्टिफायरचा दबका सूर गिटारला शोभतो. बेसला मला नोटेची सुरुवात ठोस हवी होती. पहिला फिल्टर म्हणजे १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये, प्रत्येकावर २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर. हेच रेझिस्टर बंद केल्यावर चार्ज उतरवतात, पण त्याला दोनेक मिनिटं लागतात. त्यानंतरही मीटर लावून खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. ४५० व्होल्ट डीसी जीव घेतो. मेन्सची अर्थ वायर चॅसीला स्वतंत्र बोल्टने घट्ट बसवली. त्या बोल्टवर दुसरं काहीही नाही.

आता कपलिंग कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून सिग्नल पुढच्या स्टेजला देणारे. गिटारच्या आराखड्यांत ०.०२२ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओहम ही जोडी सर्रास दिसते. तिचा कट (जिथून खालचे सूर कमी होऊ लागतात ती फ्रिक्वेन्सी) ३३ हर्ट्झवर, म्हणजे ४१ हर्ट्झला एका स्टेजमध्येच २ डेसिबल जातात. अशा तीन स्टेज आल्या की साडेसहा. पण सगळीकडे मोठे कपॅसिटर लावणं हाही उपाय नाही. बोटाच्या ठोक्यातून येणारी २० हर्ट्झखालची धडधड गाभ्याची क्षमता खाऊन टाकते, आणि ओव्हरड्राइव्ह केल्यावर ग्रिड (ट्यूबचं सिग्नल घेणारं टोक) ब्लॉक होऊन आवाज क्षणभर बुडतो. म्हणून पॉवर ट्यूबच्या ग्रिडला ०.१ मायक्रोफॅरड ठेवले (२२० किलोओहमसोबत ७ हर्ट्झ) आणि मुद्दामचा कट पहिल्याच स्टेजनंतर दिला: ०.०१ मायक्रोफॅरड आणि १ मेगओहम, म्हणजे १६ हर्ट्झ. कॅथोडला (ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) सगळीकडे २५ मायक्रोफॅरड, मार्शलमधला ०.६८ बेसला नको.

वायरिंगबद्दल थोडक्यात: हीटरच्या तारा घट्ट पिळून चॅसीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. हीटर वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर. ६एल६ च्या पाचव्या पिनवरच (ग्रिड) १.५ किलोओहम, चौथ्या पिनला (स्क्रीन ग्रिड) ४७० ओहम, ५ वॅट. आठव्या पिनपासून (कॅथोड) ग्राउंडला १ ओहम, तो बायस, म्हणजे सिग्नल नसतानाचा ट्यूबचा करंट, मोजायला. हम (सततची गुणगुण) आलाच तर त्याची जात ओळखावी: मेन्सच्याच फ्रिक्वेन्सीचा असेल तर हीटर किंवा ग्राउंड, दुप्पट असेल तर फिल्टर. बेसच्या स्पीकरवर हे दोन्ही सूर छान ऐकू येतात, त्यामुळे इथे हयगय चालत नाही.

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या वाटेत १०० वॅटचा साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये असावा. ट्यूब न लावता बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तेजच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग पाचव्या पिनवर उणे ५० व्होल्टच्या आसपास बायस (तो करंट ठरवणारा व्होल्टेज) आहे ना ते पाहायचं. बायसचा पॉट असा जोडावा की त्याचा सरकता संपर्क सुटला तर बायस आणखी उणे व्हावा. आउटपुटला ८ ओहम, १०० वॅटचा लोड (स्पीकरऐवजी रेझिस्टर) जोडायचा आणि मगच पॉवर ट्यूब बसवायच्या. लोडशिवाय सिग्नल दिला तर ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फुटतं. बल्ब काढल्यावर १ ओहमवर ४० मिलिव्होल्ट, म्हणजे दर ट्यूबला ४० मिलिअँपिअर: ४५० व्होल्टला १८ वॅट, ३० वॅटच्या मर्यादेच्या ६० टक्के. गिटारवाले ७० टक्क्यांपर्यंत जातात. बेसला त्याची गरज मला वाटत नाही.

फीडबॅक (आउटपुटचा थोडा अंश मागच्या स्टेजला परत देणं) ८ ओहमच्या टॅपवरून ५६ किलोओहमने घेतला. जोडताक्षणी अ‍ॅम्प किंचाळला तर फेज उलटी आहे. अ‍ॅम्प बंद करून, चार्ज उतरल्याची खात्री करून दोन्ही प्लेटच्या तारांची अदलाबदल करायची.

शेवटची परीक्षा ऑसिलोस्कोपवर. ८ ओहमवर २० व्होल्ट आरएमएस (एसी मीटर दाखवतो ते, लाटेचं शिखर नव्हे) म्हणजे ५० वॅट. हजार हर्ट्झला लाट २० व्होल्टपर्यंत स्वच्छ, पण ४० हर्ट्झला १४ व्होल्टवरच चिमटल्यासारखी दिसली, तर ट्रान्सफॉर्मर छोटा पडला, २५ वॅटचाच अ‍ॅम्प हाती आला. सर्किटमध्ये कितीही बदल केले तरी तो सुधारणार नाही. स्पीकरचा डबा मागून बंदच हवा, उघड्या डब्यात पुढची-मागची हवा एकमेकींना खोडते. अर्धा तास वाजवून बायस पुन्हा मोजावा. एकाच ट्यूबचा करंट चढत असेल तर तिची जागा दुसरीशी बदलून पाहावी. चढ त्याच सॉकेटवर राहिला तर त्या ग्रिडचा कपलिंग कपॅसिटर डीसी गळतोय, तो बदलावा.